दारातले जोड

न्हाई ओ ताई, आत कुणी न्हाई. या तुमी. दारातले जोड बघून थांबलात व्हय? समद्यांचं तसंच व्हतं. परवा तो ग्यासवाला बी तितंच उभा राहिला, म्हणला, आबा, पावणे आलेत वाटतं, मी मागनं येतो — आन गेला की टाकी घेऊन परत. मग काय, चुलीवर चहा केला. ते बूट ना, ते वाळत घातलेत. पावसाळ्यात बूट लय वास मारतात, ऊन दिसलं की काढायचे — म्हणून दारात. बसा. खुर्चीवर नका, तिचा पाय लुळा हाय, हितं खाटंवर बसा. त्या डायवरला बी बोलवा की, रतन म्हणलात ना, एकटा गाडीत कशाला बसलाय. न्हाई म्हणतो? बरं. फोनमधी असंल. गाडी बाकी मोठी हाय हां तुमची. लांबनं वाटलं कुणाचं वऱ्हाड आलं.

शाळेतल्या सरांनी पाठवलं ना तुमाला? बूटवाले आबा कुटं राहतात म्हणून विचारा, म्हणले असतील. गोरख नाव माझं, पण ते आता पोस्टमनलाच ठावं. तेजल? तेजलताई. बरं. तुमाला मुळापासनं सांगायचं म्हणजी — पाणी प्या आदी. माठातलं हाय, गार — तर मी लोणावळ्याला व्हतो गेटवर. वॉचमन. खेळाचं होस्टेल व्हतं, पुण्यामुंबईची पोरं राहायला यायची, कुणी फुटबॉल, कुणी पळायला. चांगली पोरं, जाता-येता मामा म्हणायची. आता त्या वयात पाय कसा वाढतो, भोपळ्याच्या वेलावानी — जूनमधी घेतलेला बूट दिवाळीला चावाय लागतो. मग काय करायची, टाकून द्यायची. कचऱ्याच्या डब्यात, जिन्याखाली, कुटं बी. नवे कोरे म्हणा ना. तळाला नुसती माती लागलेली. मी साहेबाला विचारलं, नेऊ का? म्हणला, ने बाबा, समदे ने, माझा ताप वाचंल. मग सुट्टीला घरी येताना पोतं भरून आणायचो. कामशेतला उतरलो की बाजारातली माणसं विचारायची, काय गोरख, बटाटा काय भाव आणलास? मी म्हणायचो, पायात घालून बघायचा बटाटा हाय, तुमच्या कामाचा न्हाई.

आमची शालन चिडली व्हती पहिल्यांदा. शालन म्हंजी आमची मंडळी. तो काय फोटो, बाबासाहेबांच्या शेजारी. आता न्हाई ती. ती म्हणली, लोकांच्या पायातलं उचलून आणायचे दिवस माझ्या सासऱ्यानं संपवले, आन तुमी पोतं भरून घरात आणता? बोलंना माझ्याशी. पोतं तसंच त्या कोपऱ्यात. खरंच व्हतं तिचं. पण पुढं एक दिवस ती ओट्यावर तांदूळ निवडत बसली व्हती, आन वरच्या वाडीची पोरं शाळेच्या शर्यतीला चाललेली बघितली — अनवाणी. रस्त्याला तवा नुसती खडी पसरलेली. पोरं कशी चालतात तशा खडीवरनं, बघितलंय कदी? कडंकडंनं, गवत धरून, जसं काय कुणाच्या शेतात चोरून शिरलीत. ही उठली, पोत्याचं तोंड सोडलं, बादलीत साबण कालवला. मी रात्री आलो तर समद्या अंगणात बूट वाळत घातलेले. म्हणली, ह्ये उचलणं न्हाई, ह्ये वाटणं हाय. दोन्हीत फरक हाय. ती शिकलेली न्हवती हां, पण बोलायची असं.

तवापासनं चाललंय. विकायचं न्हाई कदी. एकच रीत ठेवली — पाय वाढला की जुना जोड धुवून घेऊन यायचा, आन मोठा घेऊन जायचा. जुना मग धाकट्याला. शालनचंच डोकं ते. हितं बाजारात पळायचा बरा बूट घ्यायचा म्हंजी एका घराचा महिन्याचा किराणा गेला, ताई. आन तो घेतला तरी पुढच्या साली पोराला लहान. कोण आईबाप घेतील? नको म्हणतात ते काय खेळावर राग हाय म्हणून म्हणत न्हाईत. माझाच प्रदीप बघा — पोरगा माझा, चिंचवडला कंपनीत हाय, पगार हाय, ब्लॉक हाय. त्याचा गौरव फुटबॉलच्या क्लासला जातो. तितं प्लास्टिकचं गवत हातरलंय, त्याच्यावर उभं राहायचं बी पैसे. प्रदीप त्याच्यापायी ओव्हरटाइम करतो. रविवारी बी. म्हणून यायला जमत न्हाई त्याला. आदी गौरवचे लहान झालेले बूट घेऊन यायचा, तेवढ्यानं एक चक्कर व्हायची. आता जुने बूट बी फोनवर इकतात म्हणं. इकू द्या की. त्याला बी खर्च हाय. मी काय बूट न्हाई आणलेस म्हणून बोलणार हाय व्हय त्याला.

माप? माप मी हातानं घेतो. त्याला काय लागतंय. पाय मांडीवर घ्यायचा, टाचंपासनं वीत लावायची, वर बोटं मोजायची. पोरं आदी पाय मागं घेतात. थोरल्या माणसाला पाय लागला तर नमस्कार करायला शिकवलेलं असतं, आन हितं हा म्हातारा म्हणतो मांडीवर ठेव. लाजतात. मी म्हणतो, ठेव, आबा काय झिजत न्हाई. मग ठेवतात. गार असतो पाय, चिखलातनं आलेला. बोटं आकडलेली. जरा वेळ हातात धरला की सैल पडतो. मग माप घ्यायचं. घाई केली तर चुकतं. आन एक बोट जागा जास्त सोडायची, पुढं चिंधी कोंबायची, म्हंजी साल निघतं. कदी कदी मनात यायचं बरं का — नेमका मापाचा द्यावा. म्हंजी लवकर चावंल, म्हंजी लवकर परत... येतं हो मनात माणसाच्या. पण न्हाई. एक बोट सोडलंच दर वेळी.

काय सांगत व्हतो मी?

हां, वाडी. वाडी वर हाय, त्या टेकाडाच्या कुशीत. ती तांबडी वाट दिसती ना, ती. हितनं वर समदं झाड, मदी एक ओढा. पोरं तितनं उतरायची चपला घालून, काही तशीच. बूट घालून उतरायची सोय न्हाई, ओढ्यातच जातील ते. म्हणून मी म्हणलं बूट हितंच राहू द्या. येताना हितं यायचं, पाय धुवायचे, बूट घालायचे, खाली शाळेच्या ग्राउंडवर जायचं. परत येताना हितं काढायचे, पाणी प्यायचं, आन वर जायचं. सकाळी सरावाला जायची, तवा उजाडायच्या आत फाटक वाजायचं. शालन म्हणायची, आपलं घर हाय का यष्टी स्टँड. पण गूळशेंगदाणे काढून ठेवायची. ओट्याला जागा पुरायची न्हाई जोड ठेवायला. म्हणून ती सवय दारात ठेवायची. त्याच्यासाठीच हायेत ते बाहेर — वाळत घातलेत म्हणलं मघाशी, ते बी हाय, पण मुळात सवय. आन चोराचिलटाला बी वाटतं घरात माणसं हायेत. एकट्या माणसाचं घर म्हणलं की...

व्हय. तुमी म्हणता ते खरं हाय. ग्यासवाला बी त्याच्यामुळंच परत जातो. जाऊ द्या. येईल परत.

आता? आता न्हाई येत पोरं. म्हंजी येतात. खालच्या आळीचं एखादं येतं. वाडीची न्हाई. ते खेळाचे सर बदलले ना. नवीन सर चांगले हायेत, पण ते कामशेतनं नोकरी करून येतात, सकाळी जमत न्हाई त्यांना, मग सराव संध्याकाळी. सुटंपतूर दिवस मावळतो. आन हितनं वरचं ते रान. मागं कुणाला तरी वाघरू दिसलं ओढ्यापाशी. दिसलं का न्हाई देव जाणे, पण एकदा बोललं गेलं की दिसल्यागतच असतं. मग आयांनी पोरं बंद केली. मुलींना तर पहिलं.

रूपाला बी. रूपाचं नाव सांगितलं असंल तुमाला सरांनी. सांगितलं ना? मला वाटलंच. गेणूची पोर, वाडीतली. तिचं पळणं — मी काय सांगू, मला त्यातलं कळत न्हाई. मी हितनं ओट्यावर बसून बघायचो, खाली बांधाबांधानं जायची ती, भात पोटरीला आलेलं असायचं आता हाय तसंच, आन नुसतं डोकं दिसायचं भाताच्या वर. हलायचं न्हाई डोकं. पाण्यावरनं काहीतरी वाहत चाललंय असं. मी शालनला हाक मारायचो, ये, बघ. ती म्हणायची, रोज काय बघायचं. आन यायची बघायला.

तिच्या आज्यानं आमच्या हातचं पाणी कदी घेतलं न्हाई. ह्या दारावरनं जायचा, बोलायचा बी, पण वर पाय न्हाई ठेवला. आन ही पोर आली की थेट माठाकडं. तांब्या बी माझा, पाणी बी माझं, आन मलाच म्हणणार, आबा, माठ कवा धुतलात? शालन गेली तवा आली ती. झाडू घेतला, अंगण झाडलं, माठ धुतला, भरला आन गेली वर. बारकी व्हती अजून.

तिची आई बाया. बायाचं काय चूक न्हाई हां ताई. तुमी तिला जाऊन काय समजावू नका. ती म्हणली मला, आबा, बक्षीस मिळालं न्हाई तर पोर राहती, पोर राहिली न्हाई तर बक्षीस घेऊन मी काय करू. मी म्हणलं, मी पोचवायला येतो रोज. हसली. म्हणली, आन तुमाला खाली पोचवायला कोण येईल? खरंच हाय. ओढ्यापतूर गेलो तरी दम लागतो मला.

आता ती गुलाबाला जाते, आईबरोबर. ते पांढरे कागदाचे मांडव न्हाई का, पॉलीहाऊस, तिकडं. सुट्टीला, आन शाळा बुडवून बी. सकाळी टेम्पो येतो, बायका उभ्या असतात मागं, त्यांच्यात ही. हितनं जाताना हात करती. हाक मारती, आबा — माठ! एवढंच. तेवढ्यात टेम्पो वळणाला जातो. थांबत न्हाई ना टेम्पो, त्याला गुलाब काढायची घाई. मी हात वर करतो तवा त्यातली शेवटची बाई दिसती फक्त.

तर तुमच्या संस्थेचं सांगा. परत एकदा सांगा, सावकाश. समद्यांना नवे बूट. बरं. माप घेऊन, नावानं. मुलींना बी? सर बी तुमचेच, आन फी न्हाई. आन गाडी — संध्याकाळी न्यायची आन आणायची बी. रोज. पैसे? कुणीच न्हाई द्यायचे? बरं झालं. लय बरं झालं ताई. मी खोटं न्हाई सांगत, माझं पोतं कवाचं आटलंय. होस्टेल बी बंद पडलं ते. एका बुटाचा तळ काढून दुसऱ्याला लावत बसतो मी. त्याला काय खेळणं म्हणत्यात.

जुने? न्या की. तिकोना पेठंकडं पोरं हायेत तर तिकडं न्या. त्या खोलीत हायेत, दोन पोती भरतील. नाड्या नव्या घातल्यात समद्यांना. तिकडं बी सांगा फक्त, धुवून परत आणायचे म्हणून.

ते सत्काराचं नको. शाल घेऊन मी कुटं जाणार. ते सोडा.

काय म्हणतो रतन? वरचा रस्ता खराब हाय म्हणतो? मग गाडी कुटं उभी करायची — हितं?

माझ्या दारात.

व्हय, जागा हाय. वळवायला बी येईल, त्या चिंचेखालनं. पोरं वरनं उतरतील, हितं थांबतील... ओटा हाय, ऊन लागत न्हाई त्या टायमाला. पाणी मी भरून ठेवंन. गाडी यायला उशीर झाला तर बसतील जरा. दंगा करतील. येताना बी हितंच उतरतील म्हणा. दिवा मी मोठा लावून घेतो बाहेरचा, प्रदीपला सांगून. गूळशेंगदाणे बी...

थांबा जरा. बोलू नका. मला जरा इचार करू द्या.

न्हाई ताई. हितं नको.

न्हाई, तरास कसला. तुमाला कळलं न्हाई माझं. बायाला भ्या वाटतं ना, ते हितनं वरचंच. हितनं खालचं न्हाईच. खाली लाइट हाय, घरं हायेत. तुमी अंधाराचं पोरांना हितं आणून सोडलं तर वरची वाट राहिलीच की तशीच. दुसऱ्यांची पोरं येतील तुमच्या गाडीला, लय येतील, गाडी भरंल. रूपा यायची न्हाई. आन मग तुमी कागदावर लिहिणार, गाडी सुरू केली, आन ती टेम्पोत उभी. वाडीत न्या गाडी. पार देवळापाशी. आईच्या डोळ्यादेखत पोर चढली पायजे आन डोळ्यादेखत उतरली पायजे, म्हंजी बाया पाठवंल. मी सांगतो तुमाला, त्या दिवशी पाठवंल ती.

रतनला मी सांगतो. दुधाचा टेम्पो जातो की रोज वर. ओढ्यापाशी डाव्या अंगानं घ्यायची, उजवीकडं चिखल हाय. दोन दिवस शिव्या देईल, मग हात बसंल.

गाडी जाताना हितं थांबंल म्हणता?

कशाला. उजेड हाय तवर ग्राउंडवर पोचायचं असतं पोरांना. आन हितं थांबून करायचं काय? बूट पायातच असणार आता. नवे. न्हाई, थांबू नका. गाडी थांबत गेली की पोरांना उशीर, उशीर झाला की बायाला घोर. सरळ जाऊ द्या. हात केला कुणी तर केला.

तुमी रडू नका ओ. मी काय वाईट बोललो का? म्हातारा माणूस, बोलत राहतो. दिवसभर बोलायला नसतं, मग तुमच्यावानी कुणी आलं की समदं एकदम निघतं. तुमाला उशीर झाला माझ्यापायी. उठा. उजेड हाय तवर वर जाऊन या आजच, बायाला भेटा. माझं नाव नका सांगू. म्हणावं, गाडी वाडीत येणार हाय. तेवढंच.

ती दोन पोती मी देतो रतनकडं. आन हा दारातला निळा घ्या. हा रूपाचा. नवा द्याल तो द्याच, पण पहिले आठ दिवस हाच घालू द्या, नवा चावतो. धुतलेला हाय. दर रविवारी धुतो. घालत न्हाई कुणी, पण धूळ बसती. माप मात्र नवं घ्या तिचं. वाढला असंल पाय आता, मला घ्यायला मिळालं न्हाई. आन माप घेताना पाय मागं घेईल ती, म्हणावं ठेव. जरा धरून ठेवा. एकदम घेऊ नका माप.

ते बाकीचे? ते राहू द्या, ते नेण्यातले न्हाईत. न्हाई, वाळलेत ते, कवाचे वाळलेत. तो बारका गौरवचा, पहिलीतला. कुणाच्या मापाचा न्हाई तो. आन त्या लाल पट्ट्याच्या चपला... त्या शालनच्या. खेळायच्या न्हाईत त्या.

चला. फाटक नुसतं लोटा, कडी नका लावू. जपून, पायरी हलती ती.

अगं — अगं पोरी, ते सरळ नको करूस. राहू दे तसेच. तोंड आतच असू दे त्यांचं. बाहेर तोंड केलं की निघालेल्या माणसाचे वाटतात.

हां. असं. जा आता, रतन हॉर्न मारतोय.